खाणीच्या ढिगाऱ्यावरची हिरवळ

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील दोन डोंगरी तालुके. त्यांपैकी वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला असला, तरी जुने नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. या दोन्ही तालुक्यांत कोळसा सापडत नाही आणि लोखंडाची वा मँगनीजची खाणही नाही. येथे आहे तो काळा पाषाण, आणि त्या पाषाणाच्या दगडखाणी, खडीचे क्रशर, रस्त्यांसाठी व बांधकामांसाठी कापलेले डोंगर आणि त्या कापणीतून निघालेले मुरूम-मातीचे ढीग. अशा उघड्या पडलेल्या उतारांवर दर वर्षी जुलै महिन्यात शाळा, तरुण मंडळे, महिला मंडळे आणि आपली धर्मग्रामेही मोठ्या उत्साहाने झाडे लावतात. पुढच्या मे महिन्यात त्यांपैकी किती झाडे उभी असतात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याच खड्ड्यांत दुसऱ्या वर्षी पुन्हा नवी रोपे लागतात.

म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एका जवळच्या विषयाकडे वळत आहोत. खाणीतून काढून टाकलेल्या निरुपयोगी मातीच्या डोंगराचे माणसांना फिरता-बसता येईल अशा हिरव्या जागेत रूपांतर कसे होते? आपल्या महाराष्ट्रात आणि शेजारच्या गोव्यात असे प्रयत्न झालेले आहेत. ते कोठे साधले आणि कोठे अर्धवट राहिले हे समजून घेतले, तर आपल्या डोंगरावरची रोपे का मरतात याचे उत्तरही त्यातूनच मिळते.

प्रथम हा ढीग म्हणजे नेमके काय ते पाहू. उघड्या खाणीत खनिजापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा सारा थर काढावा लागतो. गोव्यात एक टन लोहखनिजासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती व दगड बाजूला काढावे लागत. ही काढलेली माती खाणीच्या कडेला ओतत नेतात व वर्षानुवर्षांच्या ओतण्यातून तिचा डोंगर होतो. गोव्यात आणि विदर्भात त्याला सर्रास ‘डंप’ म्हणतात. आम्हीही येथे तोच शब्द वापरू.

दुरून पाहणाऱ्याला डंप हा मातीचा डोंगर वाटतो. पण ती माती नव्हे. शेतकरी ज्याला माती म्हणतो, तिच्यात कुजलेला पाला, गांडुळे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू असतात. तिच्यात पाणी धरून ठेवणारी पोकळी असते. डंपमध्ये यांपैकी काहीही नसते. जमिनीखाली वीस, पन्नास किंवा शंभर मीटरांवर लक्षावधी वर्षे दडून राहिलेला खडक फोडून तो उन्हात टाकलेला असतो. त्यात नत्र जवळजवळ शून्य असते आणि सेंद्रिय अंश नसतो. वरचा चुरा पावसात चिखल होऊन वाहतो व उन्हात विटेसारखा कडक होतो. खाणीच्या पहिल्या दिवशी वरचा सुपीक पोयटा वेगळा काढून ठेवला असता, तर तो पुन्हा पसरता आला असता. पण जुन्या खाणींत तो पोयटा सर्वांत आधी काढला जाई, म्हणून सर्वांत आधी ओतला जाई, आणि ढिगाच्या अगदी तळाशी गाडला जाई. सुपीक थर खाली आणि नापीक खडक वर, अशी निसर्गाच्या नेमकी उलट रचना त्यातून तयार झाली.

मुंबईतील वाचकांना माहीम खाडीकाठचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान ठाऊक असेल. सुमारे ३७ एकरांचे हे उद्यान एके काळी शहराच्या कचऱ्याचे आगार होते. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. तेथेही पुष्कळ कष्ट पडले. तरीपण शहरी कचऱ्यात कुजणारे पदार्थ असतात आणि कुजण्यातूनच जमिनीला जीव येतो, हा फरक ध्यानात घ्यावा लागेल. खाणीच्या डंपमध्ये कुजायलासुद्धा काही नसते. तेथे जमीन सुधारायची नसते, ती नव्याने घडवायची असते.

ही जमीन घडवण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच राज्यात, नागपूर जिल्ह्यात सावनेर तालुक्यातील खापा गावाजवळच्या गुमगाव येथे झाला. गुमगाव ही मँगनीजची खाण असून ती ‘मॉयल’ या सरकारी कंपनीची आहे. मध्य प्रांतातील मँगनीजचा धंदा १८९६ पासूनचा. १९६२ मध्ये ही कंपनी सरकारच्या सहभागाने नव्याने उभी राहिली. खाणीच्या बाजूला मँगनीजयुक्त खडकाचे काळपट ढीग साचले होते. विदर्भाच्या उन्हात काळा दगड किती तापतो हे वेगळे सांगायला नको. अशा ढिगावर पडलेले बी उगवले तरी करपून जाते.

नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे ढीग अभ्यासासाठी घेतले. शास्त्रज्ञांनी आधी झाडांचा विचार न करता ढिगात काय कमी आहे याची यादी केली, असे म्हणावयास हरकत नाही. सेंद्रिय अंश नाही, तर तो बाहेरून आणला पाहिजे. तो स्वस्त पाहिजे आणि पुष्कळ मिळाला पाहिजे. त्यासाठी त्यांनी निवडला साखर कारखान्यातील प्रेसमड.

भोर तालुक्यातील वाचकांना हा पदार्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अनंतनगर-निगडे येथील राजगड सहकारी साखर कारखान्यामुळे प्रेसमडने भरलेल्या ट्रॉल्या आणि त्यांचा उग्र वास येथील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. उसाचा रस गाळताना मागे राहणारा हा गाळ शंभर टन उसामागे सुमारे तीन ते चार टन निघतो. त्यात सेंद्रिय पदार्थ, स्फुरद, चुना आणि थोडे नत्र असते. ताजा प्रेसमड गरम असतो, त्यामुळे मुळे जळतात. तो कुजवूनच वापरावा लागतो, हेही शेतकरी जाणतात. एका उद्योगाने टाकून दिलेले दुसऱ्या उद्योगाने टाकून दिलेल्यावर घालावयाचे, अशी ही साधी आणि आम्हाला अतिशय शहाणी वाटणारी योजना होती.

परंतु एवढ्याने भागले नाही. दुसरा अभाव होता जिवाणूंचा. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र धरणारा रायझोबियम, मातीत मोकळा राहून तेच काम करणारा ॲझोटोबॅक्टर आणि मुळांशी भागीदारी करणारी मायकोरायझा नावाची बुरशी यांची रोपांना जोड देण्यात आली. या बुरशीचे कार्य मोठे मनोरंजक आहे. झाडाचे मूळ जेथे पोहोचत नाही, तेथपर्यंत तिचे केसाहून बारीक तंतू पोहोचतात, दगडाच्या फटीतून पाणी व स्फुरद आणून मुळाला देतात आणि त्याच्या मोबदल्यात झाडाने पानांत तयार केलेली साखर घेतात. वर्षानुवर्षे जपलेल्या शेतात ही बुरशी आपोआप असते. डंपमध्ये ती नसते, आणि म्हणून नुसते रोप लावले की ते पहिल्या उन्हाळ्यात मरते. वनमहोत्सवातील कित्येक रोपांच्या मरणाचे कारण पाणी न घातल्याचे सांगितले जाते. ते खरेही असेल. पण मुळाला सोबती नव्हता, हेही एक कारण असू शकते.

खड्ड्यांत ढिगातील चुरा, चांगली माती व प्रेसमड यांचे मिश्रण भरून त्यांत जिवाणूंची जोड दिलेली रोपे लावण्यात आली. साग, शिसव, कडुनिंब, करंज यांसारखी आपल्याकडची झाडे निवडली गेली. नव्वद टक्क्यांहून अधिक रोपे जगली, असे शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधांत नमूद आहे. काही वर्षांत पानगळ सुरू झाली, पाला कुजू लागला आणि ढीग स्वतःचे खत स्वतः तयार करू लागला. पुढे हीच पद्धत चंद्रपूर जिल्ह्यातील पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या डंपवरही वापरण्यात आली.

झाडांच्या या यशाआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. त्यांचे छायाचित्र कोणी काढत नाही म्हणून त्यांचा उल्लेख येथे मुद्दाम करीत आहोत. त्या म्हणजे उतार आणि पाणी. सुटी माती ओतत गेले की ती स्वतःहून साधारण ३५ ते ३८ अंशांच्या कोनावर थांबते. या उतारावर माणूस सरळ उभा राहू शकत नाही आणि बीही टिकत नाही. पहिल्या पावसात दोघेही खाली येतात. म्हणून ढिगाला पायऱ्यांचे टप्पे पाडून त्याचा एकंदर उतार २८ अंशांच्या आत आणावा लागतो. प्रत्येक टप्प्याला आतल्या बाजूला किंचित कल द्यावा लागतो, पायथ्याशी जाळीबंद दगडांचा बांध घालावा लागतो, आणि ढिगाभोवती चर खोदून गढूळ पाणी आधी एका तळ्यात निवळू द्यावे लागते. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात जे सलग समतल चर खणतात, त्यांचेच हे भावंड होय.

पाण्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे भयंकर उदाहरण ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील ॲबरफॅन या कोळसा-गावाने पाहिले आहे. तेथील सातव्या क्रमांकाचा डंप डोंगराच्या कुशीतील झऱ्यावरच रचलेला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी, पावसाने भिजलेला तो ढीग चिखल होऊन खाली घसरला आणि गावच्या शाळेवर आदळला. १४४ माणसे दगावली. त्यांतील ११६ मुले होती. ढीग झऱ्यावर आहे याची गावकऱ्यांना कल्पना होती आणि त्यांनी आपली भीती वेळोवेळी बोलूनही दाखवली होती. अशा ढिगावर नुसती हिरवळ पसरली असती तर धोका झाकला गेला असता, टळला नसता.

आता गोव्याकडे वळू. तेथील प्रश्न वेगळा आहे आणि आमच्या मते अधिक शिकवणारा आहे.

डिचोली तालुक्यातील साखळी हे वाळवंटी नदीकाठचे गाव. तेथे ‘सेसा गोवा’ या कंपनीची लोहखनिजाची खाण होती. ही कंपनी १९५४ मध्ये, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतच स्थापन झालेली. २००७ मध्ये ती वेदांत समूहाकडे गेली. साखळीच्या खाणीतील खनिज संपल्यावर कंपनीने तेथील डंपांचे व खड्ड्यांचे पुनर्वसन हाती घेतले. गोव्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि उघड्या डंपवरून वाहणारा लाल गाळ खालच्या भातशेतीत व ओढ्यांत साचतो. त्यामुळे उतार बांधणे हीच पहिली गरज होती. गोव्यातील डंपांच्या उतारांवर नारळाच्या काथ्याच्या जाळ्या अंथरण्याची पद्धत रुळली आहे. जाळी पावसाचा मार झेलते, तिच्या भोकांतून गवत वर येते, आणि दोन-तीन वर्षांत जाळी कुजून खत होते तोवर गवताची मुळे माती धरू लागलेली असतात.

साखळीला आज झाडी आहे, बांबू आहे, औषधी वनस्पती आणि फुलपाखरांसाठी लावलेली बाग आहे. खाणीच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली आहेत. फुटबॉल ही गोव्याची दुसरी भाषा असल्यामुळे कंपनीची फुटबॉल अकादमीही या जागी उभी राहिली, यात नवल नाही.

गोव्याच्या डंपांवर सुरुवातीला सर्वत्र लावले गेले ते ऑस्ट्रेलियन बाभळीचे झाड, ज्याला लोक ‘अकेशिया’ म्हणतात. ते निकृष्ट जागेत झपाट्याने वाढते व नत्रही धरते. तीन वर्षांत ढीग हिरवा दिसू लागतो व पाहणी करायला आलेला अधिकारी संतुष्ट होतो. मात्र त्याची पाने गुरे खात नाहीत, पडलेला पाला लवकर कुजत नाही, आणि त्याच्या सावलीत दुसरे फारसे काही उगवत नाही. आमचे मत असे की, अकेशिया हा आजारी माणसाच्या हातातील काठीसारखा आहे. सुरुवातीला तो उपयोगी पडतो. पण त्याच्या आडोशाला काजू, करंज, जांभूळ, बांबू वाढवून त्याला टप्प्याटप्प्याने काढले नाही, तर ढीग हिरवा असूनही मुकाच राहतो. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाविषयी अभ्यासक हीच तक्रार करीत आले आहेत.

गोव्यात त्यापुढे जे घडले, त्याने ‘टाकाऊ’ या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. पूर्वी ज्या दगडात लोहाचे प्रमाण कमी असे, तो विकला जात नसे व डंपवर टाकला जाई. २००० नंतरच्या दशकात चीनमधील पोलाद कारखान्यांची मागणी प्रचंड वाढली आणि हलक्या प्रतीचे खनिजही खपू लागले. इतके की, २००९ मध्ये भारतीय खाण ब्यूरोने खनिज म्हणून मोजण्याची खालची मर्यादा ४५ टक्के लोहापर्यंत उतरवली. त्याआधी ती ५५ टक्के होती. म्हणजे काल जो कचरा होता, तो आज कागदोपत्री खनिज ठरला. जुने डंप उकरून जहाजांत भरले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. ज्या ढिगावर झाडे लावून वीस वर्षे झाली, तो ढीग पुन्हा खणण्याच्या लायकीचा झाला होता.

पुढील इतिहास वाचकांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबवल्या. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपलेली असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि पट्ट्याबाहेर डंप टाकता येणार नाहीत, असेही बजावले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. २०२२ पासून नव्याने लिलाव झाले आणि डंपांसाठी राज्य शासनाने २०२३ मध्ये वेगळे धोरण आणले. खाणींवर पोट असणाऱ्या ट्रकमालकांचे व बार्जवाल्यांचे हाल, आणि गाळाने शेती गेलेल्या कुळांचे हाल, हे दोन्ही खरे असून एकाच गावात शेजारी-शेजारी राहतात. त्यांचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही.

आमच्या विषयापुरता मुद्दा असा आहे : डंप हिरवा झाला म्हणजे तो बाग झाला, असे नव्हे. ती जमीन कोणाची, तिच्या पोटातील दगड कोणाचा, तेथे पाऊल ठेवण्याचा अधिकार कोणाला आणि भाव वाढल्यावर ती पुन्हा खणण्यापासून कोण रोखणार, हे ठरल्याखेरीज ती कुंपणाआडची झाडी राहते. दिल्लीजवळ गुरुग्राम येथे अरावलीतील जुन्या खाणींच्या जागी नागरिकांनी २०१० पासून स्थानिक झाडांचे जंगल उभे केले. त्या वनातून रस्ता नेण्याचा घाट घातला गेला तेव्हा नागरिकांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले. २०२२ मध्ये त्या जागेला जैवविविधता-संवर्धनाचे क्षेत्र म्हणून अधिकृत दर्जा मिळाला. तेथे झाडांइतकेच कागदही महत्त्वाचे ठरले.

विदर्भात वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीने लोकांना आत घेण्याचा मार्ग स्वीकारला. गुमगाव ज्या तालुक्यात आहे, त्याच सावनेर तालुक्यात कंपनीने आपल्या भूमिगत कोळसा खाणीच्या परिसरात उद्यान उभारले; २०१६ मध्ये राज्य पर्यटन महामंडळाशी करार होऊन खाण-पर्यटन सुरू झाले. शहरातील मुलांना खाण म्हणजे काय हे बागेत फिरता-फिरता कळावे, अशी ही रचना आहे. याच कंपनीने नागपूरजवळ डंपमधील मातीतून वाळू वेगळी करून ती घरबांधणीसाठी देण्याचा उपक्रमही राबवला. नदीची वाळू वाचते आणि ढीगही उतरतो, म्हणून आम्हाला हा उपक्रम कुठल्याही बागेइतकाच हिरवा वाटतो. मात्र चंद्रपूर भागात इरई व वर्धा या नद्यांच्या काठांवर उभे असलेले डंप पुराच्या वेळी पाण्याची वाट अडवतात, अशी तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे, हेही सांगायला हवे. एका बागेने सगळ्या डंपांची फेड होत नाही.

आपल्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे एक उदाहरण जर्मनीतील आहे. रूर खोऱ्यातील बोट्रोप शहराच्या कडेला हानिएल नावाचा कोळसा खाणीचा डंप आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १८५ मीटर आहे. २ मे १९८७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी या खाणीला भेट दिली व कामगारांशी संवाद साधला. त्या भेटीशी निगडित क्रूस पुढे या काळ्या डोंगराच्या माथ्यावर उभारण्यात आला आणि १९९५ मध्ये पायथ्यापासून माथ्यापर्यंत क्रुसाच्या वाटेची पंधरा स्थाने उभी राहिली. या स्थानांवरील चित्रे सिस्टर पॉला यांच्या कलेतून आली. त्या उर्सुलाईन संघाच्या व्रतस्थ भगिनी. संघात येण्यापूर्वीचे त्यांचे नाव टिसा फॉन डेर शुलेनबर्ग असे होते. हिटलरविरोधी कटात सहभागी झाल्याबद्दल त्यांच्या एका भावाला १९४४ मध्ये फाशी देण्यात आले होते. प्रत्येक स्थानाशी खाणीतील एखादे अवजार वा यंत्राचा भाग ठेवलेला आहे. प्रभूच्या दुःखसहनाचे चिंतन करीत चढणाऱ्या माणसाला, आपल्या पायाखालचा प्रत्येक दगड कोणीतरी जमिनीच्या पोटातून, घाम गाळून व जीव धोक्यात घालून वर आणलेला आहे, याचा विसर पडू नये अशी ही मांडणी आहे. शुभ शुक्रवारी हजारो भाविक ही वाट चढतात.

माथ्यावर उघडे नाट्यगृह आहे, आणि स्पेनमधील बास्क चित्रकार अगुस्तिन इबारोला यांनी २००२ मध्ये रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांना रंग देऊन उभी केलेली शंभराहून अधिक खांबांची रांगही आहे. खाण मात्र आता नाही. २१ डिसेंबर २०१८ रोजी ती बंद झाली. जर्मनीतील ती शेवटची दगडी कोळशाची खाण होती. रूरमधील लोकांनी डंपला दूरचा कचरा मानले नाही. त्यांच्या वाडवडिलांचे श्रम त्यात होते, म्हणून त्यांनी तेथे पायवाटा केल्या. आपल्याकडील डंप असे पायवाटांचे झालेले दिसत नाहीत, आणि त्याचे एक कारण म्हणजे खाणीत राबलेला माणूस बहुधा दूरच्या मुलखातून आलेला व खाणीबरोबरच निघून गेलेला असतो.

भोर-वेल्ह्यात या साऱ्याचा संबंध कोठे येतो? येथील पावसाचे पाणी भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत व वरसगाव या धरणांत जाते. भाटघर १९२८ चे, म्हणजे शंभरीला आलेले. पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुणे शहर पिते. डोंगर कापून कडेला लोटलेली माती पावसाबरोबर याच धरणांच्या दिशेने जाते व पाण्याची जागा अडवते. तेव्हा वेल्ह्याच्या उतारावरील एक उघडा ढीग हा त्या वाडीपुरता प्रश्न उरत नाही, शहरात नळ सोडणाऱ्याचाही तो होतो.

कायद्याची स्थिती अशी. मोठ्या खनिजांच्या खाणींना २००३ पासून खाण बंद करतानाचा आराखडा द्यावा लागतो व त्यापोटी आर्थिक हमीही ठेवावी लागते. कोळशासाठी असेच नियम २००९ मध्ये आले. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे असल्याने त्यांच्याकडे बराच काळ कानाडोळा झाला. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण-खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरीची अट लावली. आणि ८ जानेवारी २०२० रोजी त्याच न्यायालयाने असे सांगितले की, खाणकाम संपल्यावर त्या जागी पुन्हा गवत उगवेल व जनावरांना चारा मिळेल अशी व्यवस्था करणे ही खाणपट्ट्याची अट असली पाहिजे. न्यायालयाने झाडांआधी गवताचे नाव घेतले याचे आम्हाला विशेष समाधान वाटते. गुराख्यालाही तेच हवे असते आणि ढिगालाही.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. रायरेश्वराचे पठार किंवा तशाच उघड्या सड्यांना पाहून काहींना त्यावर झाडे लावावीशी वाटतात. ते सडे ओसाड नाहीत. पावसाळ्यानंतर तेथे उमलणारी रानफुले आणि तेथील गवत हीच त्यांची पूर्ण अवस्था होय. माणसाने खणलेला ढीग वेगळा आणि निसर्गाने उघडा ठेवलेला कातळ वेगळा. डंपवरची पद्धत सड्यावर नेल्यास आहे तेही नष्ट होईल.

ज्या धर्मग्रामांना किंवा मंडळांना अशा एखाद्या मुरमाच्या ढिगावर काम करावयाचे असेल, त्यांनी पहिल्या वर्षी रोपे आणू नयेत, असे आम्ही सुचवू. आधी ग्रामपंचायतीत जाऊन ती जागा गायरान आहे, वनखात्याची आहे की खाजगी, हे सातबारावर पाहावे, आणि तेथे दगडखाणीचा पट्टा असल्यास त्याची मुदत केव्हा संपते तेही विचारावे. नंतर एका पावसाळ्यात छत्री घेऊन तेथे उभे राहावे व पाणी कोठून वाहते ते पाहावे. त्या वाटेवर दगडांचे बांध आणि समतल चर घालावेत. कुजलेला प्रेसमड किंवा शेणखत मिळेल तेवढे पसरावे. जिवाणू खते कृषी विद्यापीठांत व कृषी सेवा केंद्रांत माफक दरात मिळतात. मायकोरायझासाठी बाजारात जाण्याची गरज नसते. जवळच्या राईतील झाडाखालची दोन मुठी माती प्रत्येक खड्ड्यात टाकली तरी ती बुरशी तिच्याबरोबर येते.

आणि गवताचे बी विकत घेऊ नये. आपल्याच डोंगरावरील पवना, मारवेल, शेडा यांच्या ओंब्या दिवाळीच्या आसपास पिकतात. गवत कापणीला येण्यापूर्वी दोन-चार दिवस डोंगर चढून त्या हाताने ओरबाडाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि पोत्यात भरून पुढच्या जूनपर्यंत कोरड्या जागी टांगून ठेवाव्यात.